वाचकांचे प्रश्न : परदेशातील प्राचीन अवशेष पाहताना

उन्हाळी सुट्टीतील परदेश प्रवासाविषयी आलेल्या पत्रांपैकी व्हिसा, विमा आणि खरेदी यांसंबंधीची पत्रे पुढील अंकासाठी राखून ठेवली आहेत. या वेळी केवळ जुन्या वास्तू आणि भग्नावशेष यांच्याशी संबंधित प्रश्न घेतले आहेत. काही पत्रे लांबल्यामुळे त्यांचा सारांश दिला आहे.

प्रश्न : आम्ही पतिपत्नी निवृत्त असून मे महिन्यात एका प्रवासी कंपनीबरोबर बारा दिवसांच्या युरोप सहलीला जाणार आहोत. रोमच्या कार्यक्रमात ‘कलोसियम : बाहेरून दर्शन, ४० मिनिटे’ असे छापले आहे. एवढ्या दूर जाऊन आत जायला मिळणार नाही, हे मनाला फार लागले आहे. या वेळात काय पाहावे? की स्वतंत्र तिकीट काढून आत जावे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपल्याला वाटणारी खंत स्वाभाविक आहे. तरीही कलोसियमची निम्मी कथा त्याच्या बाहेरच्या भिंतीवर वाचता येते, आणि आत शिरण्याच्या घाईत असलेले बहुतेक प्रवासी ती न वाचताच पुढे जातात. म्हणून पहिली पाच मिनिटे छायाचित्रांना द्यावीत आणि मग फोन पिशवीत ठेवून उरलेला सगळा वेळ या भिंतीला द्यावा, असे मी आग्रहाने सुचवीन.

प्रथम उत्तरेच्या बाजूला उभे राहावे, कारण मूळची चार मजली बाहेरची भिंत पूर्ण उंचीने, म्हणजे सुमारे ४८ मीटर, त्याच बाजूला टिकून आहे. तळमजल्याच्या कमानींवर नजर टाकली की प्रत्येक कमानीच्या माथ्यावर कोरलेले रोमन आकडे दिसतात. एकूण ८० कमानींपैकी ७६ कमानींना क्रमांक होते; त्यांपैकी २३ ते ५४ एवढेच आज उभ्या असलेल्या भिंतीवर राहिले आहेत. बालगंधर्व रंगमंदिरात आपण तिकिटावरील अक्षर आणि आकडा पाहून आपली रांग शोधतो, तसाच इ.स. ८० मध्ये, सम्राट टायटसच्या काळात या रंगभूमीचे उद्घाटन झाले तेव्हाचा प्रेक्षक आपले दार शोधत असे. हजारो माणसांना गोंधळाविना आत घेण्याची आणि बाहेर काढण्याची ही व्यवस्था समजून घेण्यासाठी तिकीट लागत नाही.

त्यानंतर त्याच भिंतीच्या दगडांकडे जवळून पाहावे. सर्वत्र मूठ जाईल एवढी ओबडधोबड भोके दिसतात. अनेकांना ती लढाईच्या खुणा वाटतात. वास्तविक हे चिरे चुन्याने सांधलेले नव्हते. एकमेकांना लोखंडी पकडींनी जखडलेले होते, आणि मध्ययुगात धातू दुर्मीळ झाला तेव्हा लोकांनी दगड पोखरून त्या पकडी काढून नेल्या. दक्षिणेकडची बाहेरची भिंत १३४९ च्या भूकंपात कोसळली आणि तिचे दगड शहरातील इतर बांधकामांना वापरले गेले. जुन्या वाड्याचे चिरे नव्या घराच्या जोत्यात बसवलेले पाहण्याची ज्यांना सवय आहे, त्या पुणेकरांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

वेळ उरला तर पूर्वेच्या टोकाला अवश्य जावे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, भूकंपाने खिळखिळ्या झालेल्या भिंतीला तिथे विटांचा भक्कम टेकू देण्यात आला. त्या वेळी कमानींचे दगड निसटून खाली सरकू लागले होते. कारागिरांनी ते पुन्हा जागेवर बसवण्याचा प्रयत्न केला नाही. ज्या स्थितीत होते त्याच स्थितीत विटांनी बंदिस्त केले. त्यामुळे पडता पडता थांबलेली कमान आजही पाहायला मिळते. मी स्वतः कलोसियमच्या आतबाहेर जेवढा वेळ घालवला, त्यातील सर्वांत अधिक वेळ याच जागी उभी होते.

आत जायचेच असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. २०२३ पासून कलोसियमचे तिकीट नावानिशी दिले जाते आणि दारावर ओळखपत्राशी पडताळले जाते. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये घालण्याची पद्धत असल्याने नावाच्या क्रमाचा घोळ होतो; तेव्हा पासपोर्टवर जसे आहे तसेच नाव भरावे. तिकिटावर वेळ ठरलेली असते आणि रोमन फोरम व पॅलाटाइन टेकडी सहसा त्याच तिकिटात पाहता येतात, म्हणून यासाठी निदान अर्धा दिवस हाताशी हवा. तो सहलीत मिळणार नसेल तर धावतपळत आत जाऊन येण्यापेक्षा बाहेरची भिंत निवांत पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मे महिन्यात दुपारचे ऊन कडक असते. रस्तोरस्ती असलेल्या ‘नाझोनी’ नावाच्या लोखंडी नळांचे वाहते पाणी पिण्यायोग्य असते, तेव्हा रिकामी बाटली जवळ असू द्यावी.

प्रश्न : गेल्या वर्षी अथेन्सला गेलो असता पार्थेनॉनभोवती परांची आणि क्रेन पाहून फार निराशा झाली. संपूर्ण तिकीट घेऊन अर्धवट दुरुस्तीतील वास्तू दाखवणे योग्य आहे का? हे काम कधी संपतच नाही का?
— एक वाचक, एरंडवणे

उत्तर : ज्या वास्तूसाठी आपण इतका खर्च करतो, तिचे छायाचित्रात पाहिलेले रूप समोर नसले की वाईट वाटते, हे मान्य आहे. परंतु या परांचीमागची हकीकत कळली तर आपली निराशा बरीचशी ओसरेल, असे वाटते.

इ.स.पूर्व ४४७ मध्ये सुरू झालेले हे मंदिर दोन हजार वर्षांहून अधिक काळ बऱ्याच अंशी उभे होते. तुर्कांनी त्यात दारूगोळा साठवला होता आणि २६ सप्टेंबर १६८७ रोजी व्हेनिसच्या सैन्याच्या तोफेचा गोळा त्यावर पडून स्फोट झाला, तेव्हा मधला भाग उडाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढील काही दशके पडलेले दगड उचलून पुन्हा रचण्यात आले, मात्र ते सांधण्यासाठी उघडे लोखंड वापरले गेले. मूळच्या ग्रीक कारागिरांनीही लोखंडच वापरले होते. पण प्रत्येक पकडीभोवती त्यांनी शिसे ओतले होते, त्यामुळे हवा आणि पाणी लोखंडापर्यंत पोचत नसे. नव्या लोखंडाला ते कवच नव्हते. ते गंजले, गंजून फुगले आणि ज्या संगमरवराला आधार द्यायचा तोच त्याने आतून फोडला. १९७५ मध्ये यासाठी स्वतंत्र समिती नेमण्यात आली आणि तेव्हापासून एकेक दगड उतरवून त्यातील गंजके लोखंड काढणे, त्याजागी न गंजणारे टायटेनियम बसवणे आणि दगड परत आपल्या जागी चढवणे, असे हे काम चालू आहे. जिथे तुकडा कमी पडतो तिथे पेंटेली पर्वताचाच नवा संगमरवर घालतात. तो पांढराशुभ्र दिसतो आणि जुना मधाच्या रंगाचा, त्यामुळे नवे कुठे आणि जुने कुठे हे कुणालाही ओळखता येते.

चांगल्या हेतूने केलेल्या उपचाराचे असे दुष्परिणाम आपल्याकडेही झाले आहेत. अजिंठ्याची चित्रे टिकावीत म्हणून निझाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीतून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी चित्रांवर दिलेला लाखेचा थर पुढे काळवंडला, आणि तो काढण्याचे नाजूक काम आपल्या पुरातत्त्व खात्याला करावे लागले. तेव्हा परांचीवर बसून एकेक दगड तपासणारी माणसे पाहायला मिळणे हे माझ्या दृष्टीने तिकिटाचे मोलच आहे. मूळ शिल्पे डोळे भरून पाहण्यासाठी टेकडीच्या पायथ्याचे, २००९ मध्ये उघडलेले संग्रहालय आहे. इरेक्थिऑन मंदिराचे छत डोक्यावर तोलणाऱ्या सहा स्त्रीमूर्तींपैकी पाच तिथे आहेत आणि सहावी लंडनमध्ये आहे.

प्रश्न : माझ्या आईचे वय ७१ आहे. कंबोडियातील अंकोर वाट हे विष्णूचे मंदिर आहे असे वाचल्यापासून तिला ते पाहायचे आहे, पण गुडघ्यांमुळे जिने चढणे जमत नाही. नेणे योग्य ठरेल का? ती नेहमी साडीच नेसते. त्यावर काही आक्षेप असेल का?
— एक वाचिका, धायरी

उत्तर : अवश्य न्यावे. साडीवर कुणाचाही आक्षेप असणार नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत एवढीच तिथली अपेक्षा आहे. हे मंदिर बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा दुसरा सूर्यवर्मन याने विष्णूसाठी बांधले, पुढे ते बौद्ध उपासनेचे स्थान झाले आणि आजही तिथे पूजा होते.

अगदी वरचा स्तर, ज्याला तिथे ‘बाकान’ म्हणतात, तिथला जिना फार उभा आहे आणि तो आपल्या आईंनी मनातून काढून टाकावा. त्यात त्यांचे फारसे काही हुकणार नाही, कारण आपल्या लोकांनी पाहण्याजोगा खरा ठेवा सर्वांत खालच्या स्तराच्या ओवऱ्यांमध्ये आहे. तिथवर जातानाही काही पायऱ्या आणि उंच उंबरे लागतात, पण हात धरून, सावकाश, बसत उठत ते जमू शकते.

पश्चिमेच्या ओवरीतील दक्षिणेकडच्या भिंतीवर कुरुक्षेत्राचे युद्ध कोरले आहे. दोन्ही सैन्ये दोन टोकांकडून चालत येतात. कडेला शिस्तीत पावले टाकणारे सैनिक मध्याकडे सरकताना एकमेकांत मिसळत जातात आणि त्या गर्दीत शरपंजरी पडलेले भीष्म दिसतात. उत्तरेकडच्या भिंतीवर लंकेचे युद्ध आहे. पूर्वेच्या ओवरीत सुमारे ४९ मीटर लांबीचे समुद्रमंथन आहे. मधोमध विष्णू, खाली कूर्म, वासुकीला ओढणारे देव आणि असुर, आणि देवांच्या रांगेच्या टोकाला शेपटीकडे एक वानर, ज्याला तिथे हनुमान म्हणून ओळखतात. आपल्याकडच्या मंथनाच्या कथेत हनुमान नसतो. तिथल्या शिल्पकाराने त्याला का आणले असेल, यावर आईंशी बोलत बोलत ती भिंत पाहावी. पूर्वेची ओवरी सकाळी आणि पश्चिमेची दुपारनंतर पाहिली तर उजेड चांगला मिळतो. मधल्या वेळी हॉटेलवर विश्रांती घेता येते. एका दिवसाच्या पासापेक्षा तीन दिवसांचा पास घ्यावा. पासावर छायाचित्र असते आणि तो दुसऱ्याला देता येत नाही.

एक विनंती मात्र आपण आईंना आधीच करून ठेवावी. देवाची मूर्ती दिसली की पायांना हात लावून तो कपाळाला लावणे ही आपली सवय आहे आणि त्यामागचा भाव मोठा आहे. परंतु अंकोरच्या भिंतींवर हात पोचेल त्या उंचीची शिल्पे स्पर्शाने गुळगुळीत होऊन चमकू लागली आहेत. पंढरपुरात पदस्पर्शाने मूर्तीची झीज झाल्यामुळे वज्रलेप करावा लागला, हे आईंना ठाऊक असेल. दुरून हात जोडले तरी नमस्कार पोचतो, असे त्यांना सांगितले की त्या नक्की ऐकतील.

जाता जाता आणखी एका ठिकाणाविषयी सांगते. जावा बेटावरील बोरोबुदूर या बौद्ध स्तूपाच्या पायऱ्या लाखो पावलांनी झिजल्या, म्हणून आता वर चढणाऱ्यांची दैनंदिन संख्या मर्यादित केली आहे आणि प्रत्येकाला पायात घालण्यासाठी केवड्याच्या जातीच्या पानांपासून विणलेल्या खास चपला दिल्या जातात. त्या चपलांचे नाव आहे ‘उपानत’. संस्कृतातील ‘उपानह’ म्हणजे पादत्राण, हा आपल्याकडे केवळ शब्दकोशात उरलेला शब्द तिथे रोज शेकडो लोकांच्या पायांत आहे.

प्रश्न : मुलगा इजिप्तला ड्रोन नेऊ म्हणतो. चालेल का?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : नेऊ नये. इजिप्तमध्ये संरक्षण खात्याच्या परवानगीवाचून ड्रोन नेणे किंवा उडवणे गुन्हा आहे. मोरोक्कोतही तो विमानतळावरच काढून घेतात.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी तुर्कस्तानातील एका प्राचीन शहराचे अवशेष पाहताना नातीने जमिनीवर पडलेला, रेघांची नक्षी असलेला खापराचा छोटा तुकडा खिशात टाकला. घरी आल्यावर आम्हांला कळले. तो अजून कपाटात आहे आणि मला सतत टोचणी लागते. तिथे असे हजारो तुकडे पडलेले असतात. एकाने काय बिघडते, असे घरातील इतर म्हणतात.
— एक आजी, सहकारनगर

उत्तर : आपल्याला टोचणी लागली, याबद्दल मला आपला फार आदर वाटतो. तुर्कस्तानात प्राचीन वस्तू सरकारच्या मालकीच्या असतात आणि देशाबाहेर नेणे हा गंभीर गुन्हा आहे. इराकमध्ये २०२२ साली एरिडू या प्राचीन स्थळावरून बारा तुकडे उचलणाऱ्या एका वयस्क ब्रिटिश प्रवाशाला पंधरा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली होती. ती पुढे वरच्या न्यायालयात रद्द झाली, तरी तोवर त्याला तुरुंगात राहावे लागले.

शिक्षेचे भय बाजूला ठेवले तरी ‘एकाने काय बिघडते’ याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळते. शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठच्या इनामगावचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक वर्षे केले. तिथे राजाचे नाव सांगणारा शिलालेख सापडला नाही की नाणे सापडले नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांचा काळ, त्यांचे चांगले आणि वाईट दिवस, हे सारे ज्या पुराव्यांवरून उलगडले त्यांत मातीच्या थरांत सापडलेल्या खापरांचा वाटा फार मोठा आहे. कोणत्या थरात लाल रंगावर काळी नक्षी आहे, कोणत्या थरात ती भरड होत जाते, यावरून अभ्यासक काळ ठरवतात. खापर आपल्या जागी असते तेव्हा साक्षीदार असते. जागेवरून उचलले की ते कोणत्या थरातले, कशाच्या शेजारचे, हे कोणालाच सांगता येत नाही.

आता उपाय. पुढच्या सहलीत सामानातून नेऊन गुपचूप तिथे टाकून येऊ नये. विमानतळावर तपासणीत तो निघाला तर खुलासा करणे कठीण जाईल. मुंबईत तुर्कस्तानचा वाणिज्य दूतावास आहे. तुकड्याचे छायाचित्र, स्थळाचे नाव आणि भेटीची तारीख देऊन, लहान मुलीकडून अजाणता घडले असे प्रांजळपणे लिहून, तो कसा परत करावा अशी विचारणा त्यांच्याकडे करावी आणि पत्राची प्रत आपल्याजवळ ठेवावी. परिचयातील वकिलाला पत्र आधी दाखवले तर उत्तम. आपण एकट्या नाही. पॉम्पेईच्या व्यवस्थापनाकडे जगभरातून असे तुकडे क्षमापत्रांसह टपालाने परत येत असतात. नातीचे वय पत्र लिहिण्याइतके असेल तर दोन ओळी तिच्या हातच्याही असाव्यात.

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवतो. सहलीत मुलांना भिंतींवर नावे कोरू नका असे सांगितले, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, ‘जुन्या लोकांनी कोरलेली नावे मात्र आपण काच लावून जपतो, ते कसे?’ मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.
— एक शिक्षक, हडपसर

उत्तर : प्रश्न हुशार आहे आणि त्याला तसेच उत्तर द्यायला हवे. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने एप्रिल १८१९ मध्ये आपले नाव कोरले. लेणी पुन्हा जगासमोर आली त्या दिवसाचा तो पुरावा आहे, म्हणून आपण ते नाव दाखवतो. परंतु ते चित्रावर ओरखडून लिहिले आहे आणि त्याखालचे रंग कायमचे गेले, हेही त्याच वेळी मुलांना दाखवावे. एखादी खूण पुरावा म्हणून जपणे आणि ती कृती योग्य ठरवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय अशी खूण पुसता येत नाही. दगडावरील ओरखडा घालवायचा तर भोवतालचा दगडही तेवढाच खरवडावा लागतो, म्हणजे जखम मिटवण्यासाठी ती मोठी करावी लागते. २०२३ मध्ये कलोसियमच्या विटांवर एका तरुण प्रवाशाने किल्लीने दोन नावे कोरली आणि त्याचे चित्रीकरण जगभर पाहिले गेले. आपल्याकडेही संरक्षित स्मारकाची अशी हानी करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

शक्य असेल तर मुलांना कार्ल्याच्या चैत्यगृहात न्यावे. तिथल्या खांबांवर ब्राह्मी लिपीत नावे आहेत आणि त्यांत धेनुकाकट या गावच्या यवनांची, म्हणजे परदेशी वंशाच्या लोकांचीही नावे आहेत. त्यांनी त्या खांबासाठी दान दिले होते आणि ते दान कोणाचे हे तिथे नोंदले गेले. आपल्या विद्यार्थ्याला तो खांब दाखवून पुढचा विचार त्यालाच करू द्यावा.

प्रश्न : पुढील हिवाळ्यात नेपल्स आणि पॉम्पेईला स्वतंत्रपणे जात आहोत. हाताशी तीन दिवस आहेत. नेहमीच्या माहितीपुस्तकात नसलेले काही सुचवाल का?
— एक वाचिका, सदाशिव पेठ

उत्तर : तीन दिवस आहेत, म्हणजे आपण भाग्यवान आहात. पॉम्पेईसाठी पूर्ण दिवस ठेवावा, इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेल्या या शहराचा सुमारे एक तृतीयांश भाग अजून खणलेलाच नाही, आणि खणलेला भागही एका दिवसात संपत नाही. मोठ्या घरांमधील चित्रांइतकाच वेळ रस्त्यांना द्यावा. काळ्या दगडांच्या फरसबंदीत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खाचा आहेत, काही ठिकाणी हाताची बोटे पुरती बुडावीत एवढ्या खोल. रस्ता ओलांडण्यासाठी मध्ये उंच दगड ठेवले आहेत, आणि त्यांच्यामधील फटी बरोबर चाके जातील अशा बेताने सोडल्या आहेत. पावसाळ्यात तुंबलेला रस्ता ओलांडणाऱ्या कोणाही माणसाला त्या दगडांची सोय तत्काळ कळते.

दुसरा दिवस नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाला द्यावा, आणि तिथे एक छोटी हस्तिदंती मूर्ती शोधून काढावी. १९३८ मध्ये पॉम्पेईतील एका घरात ती सापडली. उंची जेमतेम २५ सेंटिमीटर. अंगावर भरगच्च दागिने, दोन्ही बाजूंना दोन लहान सेविका. तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणतात, पण अनेक अभ्यासक ती यक्षी असावी असे मानतात. तिच्याशी विलक्षण साम्य असलेल्या हस्तिदंती आकृती मराठवाड्यात भोकरदन आणि तेर येथे मिळाल्या आहेत, त्यामुळे ती आपल्याच दख्खनमधून, सातवाहनांच्या काळात, समुद्रमार्गे रोमन जगात गेली असावी असे मत मांडले गेले आहे. व्यापाराची ही वाट दोन्ही दिशांनी चालू होती. कोल्हापूरजवळच्या ब्रह्मपुरीला सापडलेली समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती आजही कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे.

निघण्यापूर्वी एखाद्या शनिवार-रविवारी तेरचे रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय पाहून घेतले तर नेपल्सच्या त्या काचेपुढे आपण परक्या देशातील पाहुण्यासारख्या उभ्या राहणार नाही. ही मूर्ती संग्रहालयाच्या ‘गुप्त दालन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वतंत्र भागात ठेवलेली असते, तेव्हा तिकीट घेतानाच त्या दालनाची वेळ विचारून घ्यावी. संग्रहालय मंगळवारी बंद असते. तो दिवस पॉम्पेईसाठी ठेवावा.